परदेशप्रवासाची वही

(शिनोली येथील ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



घोड नदीच्या खोऱ्यात, भीमाशंकराकडे जाणाऱ्या वाटेवरील या गावी आज आपण सहकुटुंब जमलो आहोत. आपल्यांतील कित्येकांची मुले-मुली शिक्षण वा नोकरी यांनिमित्त अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा दूरदेशी राहत आहेत. लेकीचे बाळंतपण, नातवाचे बारसे, मुलाचा पदवीदान समारंभ अशा प्रसंगी येथील आईवडिलांस व्हिसाचा अर्ज भरावा लागतो. त्या अर्जातील 'यापूर्वी कोठे कोठे प्रवास केला' या एकाच रकान्याविषयी चार शब्द सांगावेत, अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. विषय किरकोळ वाटेल. परंतु या रकान्यातील लपवाछपवीमुळे आजी-नातवंडांची भेट वर्षानुवर्षे खोळंबू शकते, हे ध्यानी घेतले पाहिजे.

असे विचारणे आपणांस नवे नाही. आपले पूर्वज नाशिक-त्र्यंबकेश्वरी गेले, तेव्हा तीर्थोपाध्यायांनी गाव कोणते, कूळ कोणते, समवेत कोण, हे विचारून नामावळीत नोंद केली. आज आपण तेथे जातो आणि पणजोबांचे नाव पाहून सद्गदित होतो, ते ती नोंद खरी आहे या विश्वासानेच. परदेशी अधिकाऱ्यास आपले घराणे ठाऊक नसते. आपण पूर्वी कोठे गेलो व मुदतीच्या आत परतलो की नाही, यावरून तो आपली परीक्षा करतो. वेळेवर परत आल्याची प्रत्येक नोंद ही आपल्याच बाजूची साक्ष होय.

प्रत्येक देशाचा प्रश्न मात्र निराळा असतो. अमेरिकेच्या अर्जात मागील ५ वर्षांत कोणकोणत्या देशांत गेलात हे विचारतात. खुद्द अमेरिकेत पूर्वी गेला असाल, तर त्या वाऱ्यांचा तपशील वेगळा द्यावा लागतो. इंग्लंडच्या अर्जात मागील १० वर्षांचा प्रवास विचारतात. आपले प्रौढांचे पारपत्र १० वर्षे चालते; म्हणजे ही १० वर्षे बहुधा दोन पारपत्रांत विभागलेली असतात. यास्तव जुने पारपत्र रद्दीत टाकू नये अथवा मुलांच्या हाती खेळावयास देऊ नये. अल्पवयीन मुलांचे पारपत्र तर सामान्यतः ५ वर्षांचेच असते, त्यामुळे त्यांचा प्रवास अधिकच विखुरतो.

पारपत्रावरील शिक्क्यांवर सर्वस्वी विसंबणेही योग्य नव्हे. आपल्याकडील अनेक मंडळी यात्रा कंपनीबरोबर काठमांडूस पशुपतिनाथाच्या दर्शनास गेली आहेत. भारतीयांस नेपाळात व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्रावरही जाता येते आणि शिक्का उमटत नाही. म्हणून ती यात्रा परदेशप्रवास नव्हे असे पुष्कळांस वाटते. वास्तविक नेपाळ हा स्वतंत्र देश आहे. अर्जात सर्व देश विचारले असतील, तर नेपाळ लिहिलाच पाहिजे. सिंगापूरसारख्या देशाने परकीयांच्या पारपत्रावर शिक्का मारणे बंद केले आहे. युरोपातील शेंगेन देशांनीही १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी संगणकीय नोंद ठेवण्यास आरंभ केला. शिक्का आपणांस दिसला नाही तरी नोंद त्यांच्यापाशी राहते.

आता नाजूक गोष्ट. एखादा व्हिसा पूर्वी नाकारला गेला असेल, तर काही मध्यस्थ सांगतात, 'तेवढे लिहू नका, कोणास कळणार आहे?' हा सल्ला घातक आहे. अमेरिकेचा अर्ज त्यांच्या स्वतःच्या व्हिसाच्या नकाराविषयी विचारतो. इंग्लंड व कॅनडा यांचे अर्ज कोणत्याही देशाच्या नकाराविषयी विचारतात. अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड हे पाच देश अशी माहिती परस्परांस पुरवितात. नकार आला म्हणजे कायमचे दार मिटले असे नव्हे. तो स्पष्ट लिहून कारण सांगितल्यावर अनेकांस पुढे व्हिसा मिळालेला आहे. उलट खोटे उघडकीस आले, तर कॅनडात ५ वर्षे आणि इंग्लंडात १० वर्षांपर्यंत प्रवेशबंदी होऊ शकते. अमेरिकेच्या कायद्यानुसार तर ती, विशेष सूट न मिळाल्यास, आजन्म राहते. मध्यस्थ आपले शुल्क घेऊन मोकळा होतो. अर्जाखाली ग्वाही मात्र आपली असते. यास्तव अर्ज कोणीही भरो, पाठविण्यापूर्वी तो मराठीत समजावून घेऊन शेवटपर्यंत ऐकावा.

विस्मरण ही निराळी गोष्ट आहे. वयोमानाने तारखा आठवत नाहीत, यात लाज कसली? जुनी तिकिटे, बँकेची टिपणे, सहलीची छायाचित्रे, मुलांना आलेली पत्रे पाहावीत. अमेरिकेतील आगमन-निर्गमनाचा तपशील तेथील शासनाच्या संकेतस्थळावर पाहता येतो. एवढे करूनही नक्की दिवस सापडला नाही, तर महिना व वर्ष शोधावे आणि सोय असेल तेथे 'अंदाजे' असे नमूद करावे. मनाने तारीख रचू नये.

आमची विनंती इतकीच की, प्रत्येक घरी एक वही घालावी. तीत व्यक्तीचे नाव, जुन्या-नव्या पारपत्रांचे क्रमांक, देश, जाण्याचा व परतण्याचा दिनांक, प्रयोजन, व्हिसा मिळाला की नाकारला, असे रकाने आखावेत आणि प्रवासाहून परतल्यावर त्याच आठवड्यात ते भरावेत. हे काम घरातील शाळकरी मुलामुलींकडे सोपवावे. त्यांस आजी-आजोबांच्या प्रवासाची गोष्ट ऐकावयास मिळेल व अक्षरही सुधारेल. आज आपण लेकरांच्या भेटीसाठी अर्ज भरतो. उद्या तीच वही उघडून तीच मुले आपले अर्ज भरतील. त्यांच्या हाती खरी नोंद पडावी, अशी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.