मॅटवर झोपवण्याआधी





शरीराकडे नीट बघून शिकवण्याची परंपरा पुणे परिसराला आहे. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले. योगक्रिया चालू असताना शरीरात काय घडते हे त्यांनी क्ष-किरणांनी आणि दाब मोजणाऱ्या उपकरणांनी तपासले. पुण्याच्या मॉडेल कॉलनीत १९७५ पासून बी. के. एस. अय्यंगार गुरुजींची संस्था उभी आहे. कुणाचा गुडघा दुमडत नसेल, कुणाची पाठ ताठ होत नसेल, तर तिथे पट्टा, लाकडी ठोकळा, खुर्ची, घडी केलेले ब्लँकेट पुढे येते आणि आसन त्या माणसाला जुळवून घेतले जाते. पिलाटिसचा मॅट वर्ग घेणाऱ्यालाही पहिल्यांदा हेच शिकायचे आहे.

ही पद्धत जोसेफ ह्यूबर्टस पिलाटिस यांची. जन्म १८८३, जर्मनीतील म्योन्शनग्लाडबाख. लहानपणी त्यांना दमा आणि मुडदूस होता असे सांगितले जाते. पहिल्या महायुद्धात ते इंग्लंडमध्ये होते; शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्यांना स्थानबद्ध केले गेले आणि आयल ऑफ मॅन बेटावरच्या नॉकालो छावणीत त्यांनी काही वर्षे काढली. १९२६ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले. एट्थ अव्हेन्यूवर ९३९ क्रमांकाच्या इमारतीत त्यांनी सहचारिणी क्लारा यांच्यासोबत स्टुडिओ चालवला. जॉर्ज बॅलन्शिन आणि मार्था ग्रॅहम यांच्यासारख्या नृत्यदिग्दर्शकांच्या वर्तुळातले नर्तक तिथे दुखापती घेऊन येत. १९४५ साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकात मॅटवरचे ३४ व्यायाम आहेत. छायाचित्रांत ते स्वतःच आहेत, वयाच्या साठीत. आज जगभर चालणाऱ्या मॅट वर्गांचा पाया म्हणजे हे ३४ व्यायाम.

पण त्या स्टुडिओतली एक गोष्ट पुस्तकात मावली नाही. तिथे येणारा प्रत्येक जण आपापला क्रम करी आणि जोसेफ किंवा क्लारा यांची नजर त्याच्यावर असे. कुणाला काय द्यायचे आणि काय द्यायचे नाही, हे ती नजर ठरवी. आज आपल्याकडे सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये सकाळी सहाच्या बॅचला पंचवीस जणी येतात. त्यांत एकीची सिझेरियननंतरची पाठ, दुसरीची स्लिप डिस्क, तिसरीचा रक्तदाब असतो. सगळ्यांना एकच क्रम, एकाच तालात दिला, तर हाती फक्त पुस्तक उरते, नजर नाही.

१९६७ मध्ये जोसेफ गेले. पुढे रोमाना क्रिझानोव्स्का, कॅरोला ट्रायर, ईव्ह जेंट्री, रॉन फ्लेचर, कॅथी ग्रँट या शिष्यांनी आपापल्या परीने पद्धत पुढे नेली. ‘पिलाटिस’ या नावावर मालकी कुणाची, यावर अमेरिकेत खटला झाला. ऑक्टोबर २००० मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने निकाल दिला की हे एका व्यायामपद्धतीचे सर्वसाधारण नाव आहे, कुणा एकाचा ट्रेडमार्क नव्हे. या निकालामुळे पद्धत जगभर मोकळेपणाने पसरली, हे चांगलेच झाले. मात्र त्याच दिवसापासून पाटीवरचे नाव ही शिक्षकाच्या तयारीची हमी राहिली नाही. रिफॉर्मर हे स्प्रिंगांचे यंत्र आणि इतर सर्व साधनांसह पूर्ण प्रशिक्षण घ्यायचे तर ४५० तासांचा मापदंड अनेक देशांत मानला जातो. दुसरीकडे, शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत मॅटचे प्रमाणपत्र हातात पडते. आपल्याकडे पिलाटिस शिकवायला सरकारी परवाना लागत नाही. म्हणजे जबाबदारी पूर्णपणे शिक्षकाची.

मॅट म्हणजे सोपे आणि रिफॉर्मर म्हणजे अवघड, असा समज व्यवसायात सर्रास आहे. वस्तुस्थिती बरीचशी उलटी आहे. रिफॉर्मरच्या स्प्रिंगा वजन पेलतात, हालचालीला वाट दाखवतात. मॅटवर असा आधार नसतो. स्वतःच्या पायांचे वजन स्वतःच्या पोटाने सांभाळावे लागते आणि पोटाला ते जमले नाही की कंबर ते काम अंगावर घेते.

‘हंड्रेड’चेच उदाहरण घ्यावे. पाठीवर झोपून डोके आणि खांदे वर, पाय लांब, हात वर-खाली. पाच मोजेपर्यंत श्वास आत, पाच मोजेपर्यंत बाहेर, अशी दहा आवर्तने म्हणजे शंभर. नवशिक्याचे पाय जितके जमिनीकडे जातात तितका भार वाढतो. मग मांडीच्या सांध्याचे स्नायू कमरेच्या मणक्यांना पुढे ओढतात, कंबर मॅटपासून सुटते आणि पोट फुगून वर येते. मान दुखायला लागते ती वेगळीच. नजर असलेला शिक्षक इथे ओरडत नाही. तो गुडघे दुमडायला सांगतो, तरी कंबर सुटत असेल तर पावले जमिनीवर टेकवतो, मान थकली असेल तर डोके खाली ठेवू देतो. व्यायाम तोच, मात्रा वेगळी. ‘रोल-अप’मध्ये पाय वर उडत असतील तर बसलेल्या स्थितीतून अर्ध्यापर्यंतच मागे जाऊन परत यायला लावणे, मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असतील तर बैठकीखाली सतरंजीची जाड घडी देणे, ‘रोलिंग’मध्ये वजन मानेवर जाऊ न देता खांद्याच्या पात्यांपाशी थांबवणे, ही सगळी त्याच जातीची कामे आहेत. आणि योगाची पातळ मॅट टाइल्सवर अंथरून रोलिंग करवू नये. त्याला जाड मॅटच हवी. मणक्यांची टोके फरशीवर घासली की पुढच्या दिवशी ती व्यक्ती येत नाही.

हाडे ठिसूळ झालेल्या बायकांचा प्रश्न याहून गंभीर आहे आणि त्यावर थोडे थांबायला हवे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. मेहरशीद सिनाकी यांनी १९८४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. रजोनिवृत्तीनंतर मणक्यांची हाडे ठिसूळ झालेल्या ५९ स्त्रियांचे त्यात निरीक्षण होते. पाठ मागे वाकवण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात १६ टक्के जणींच्या मणक्यांना पुढील काळात नव्याने इजा झाली. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात हे प्रमाण ८९ टक्के होते, तर काहीच व्यायाम न करणाऱ्या गटात ६७ टक्के. पुढे वाकणाऱ्या गटात अवघ्या नऊ जणी होत्या, त्यामुळे हा आकडा ताणून वापरता येत नाही. तरीही फरक इतका मोठा आहे की तो नजरेआड करणे बेजबाबदारपणाचे ठरेल.

आता जोसेफ यांचा मूळ क्रम आठवावा. पहिल्या अकरा व्यायामांत एका पायाचे वर्तुळ सोडले तर जवळजवळ प्रत्येकात पाठीची कमान पुढे होते. पाठ मागे वाकवणारा ‘स्वान डाइव्ह’ थेट बाराव्या क्रमांकावर येतो. नर्तकाच्या लवचिक, बळकट कण्याला हा क्रम झेपत असेल. साठीतल्या, दिवसभर मोबाइल आणि ओट्यापुढे वाकलेल्या बाईला तो जसाच्या तसा देणे म्हणजे रोज होते तेच आणखी करायला लावणे. तिच्यासाठी शिक्षकाने क्रम बदलावा. पोटावर झोपून छाती थोडीशीच उचलणे, ‘स्विमिंग’, कुशीवरची ‘साइड किक’, हात-पायांवर तोल सांभाळणे, यांतून उत्तम पाऊण तास घेता येतो. रोल-अप, रोलओव्हर आणि रोलिंग पूर्ण वगळावे. मूळ क्रमाशी निष्ठा महत्त्वाची आहे, पण ती समोरच्या हाडांपेक्षा मोठी नाही, असे संमेलनाच्या स्वागत समितीचे स्पष्ट मत आहे.

बाकीची पथ्ये थोडक्यात. गर्भारपणी पहिले तीन महिने उलटल्यावर बराच वेळ उताणे झोपवू नये. रक्तदाब किंवा काचबिंदू असलेल्यांना डोके खाली आणि पाय वर अशा स्थितीत नेऊ नये. जोर लावताना श्वास कुणीच कोंडू नये.

सूचना देण्याबद्दलही बोलले पाहिजे. ‘नाभी मणक्याला लावा’ हे वाक्य आपल्या वर्गांत अखंड ऐकू येते. त्यामागे १९९६ साली ऑस्ट्रेलियातल्या हॉजेस आणि रिचर्डसन यांनी केलेले काम आहे: कंबरदुखी असलेल्या लोकांत, हात हलवताना पोटाचा सर्वांत खोल आडवा स्नायू उशिरा जागा होतो, असे त्यांना दिसले. पण त्यावरून तासभर पोट आत ओढून ठेवल्याने कंबरदुखी जाते, असे मुळीच ठरत नाही. पोट इतके ओढले की बरगड्या हलत नाहीत, श्वास अडतो आणि माणूस लाकडासारखा ताठरतो. एका वेळी एकच सूचना द्यावी, ती कुठे हालचाल करायची हे सांगणारी असावी आणि मग परिणाम दिसेपर्यंत गप्प राहावे. हात लावून दुरुस्त करायचे असेल तर आधी विचारावे, प्रत्येक वेळी विचारावे.

सूचनेचा परिणाम दिसण्यासाठी शिक्षकाला स्वतःच्या मॅटवरून उठावे लागेल. तासभर सगळे व्यायाम स्वतः करून दाखवणाऱ्याला आपले पोट दिसते, तिसऱ्या रांगेतल्याची मान दिसत नाही. एकदा दाखवावे, मग फिरावे. मोबाइलवरच्या चित्रफितींनी ‘टीझर’ या अवघड व्यायामाला फार प्रतिष्ठा दिली आहे. वर्गातल्या एखाद्याला तो सहा महिन्यांत जमला नाही तरी काही बिघडत नाही. ती व्यक्ती सहा महिने येत राहिली, हे जास्त मोलाचे.

दावे करतानाही हात आखडता असावा. कंबरदुखीवर पिलाटिसचा उपयोग किती, याचा कॉक्रेन संस्थेचा आढावा २०१५ मध्ये आला. १० चाचण्या, ५१० रुग्ण. जुजबी उपचारांपेक्षा पिलाटिसने दुखणे आणि अडचण कमी होते असे त्यात दिसले, पण इतर व्यायामप्रकारांपेक्षा ते सरस असल्याचा निर्णायक पुरावा मिळाला नाही. आपल्या कामाची किंमत यामुळे कमी होत नाही. ‘पिलाटिसने डिस्क जागेवर बसते’ असे कुणी जाहिरातीत लिहीत असेल तर मात्र ते पुसायला हवे.

म्हणूनच पुण्यातल्या या पिलाटिस संमेलनात भाषणे कमी आणि प्रत्यक्ष वर्ग जास्त ठेवले आहेत. एक जण शिकवेल, बाकीचे फक्त बघतील आणि काय दिसले ते सांगतील. अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट मंडळी या वर्गांत शेजारीच बसणार आहेत. त्यांना मोकळेपणाने विचारावे.

स्वागत समितीची सर्वांना एकच विनंती आहे. परत गेल्यावर पहिल्याच बॅचपासून प्रत्येकाकडून एक पान भरून घ्यावे: रक्तदाब, शस्त्रक्रिया, बाळंतपण, मणक्याचा त्रास, हाडांची तपासणी, चक्कर, काचबिंदू. ते पान फी घेणाऱ्या काउंटरवर फाइलमध्ये जाऊ देऊ नये. वर्ग घेणाऱ्याने स्वतः वाचावे, शंका असेल तिथे डॉक्टरांची चिठ्ठी मागावी आणि ती मिळेपर्यंत त्या व्यक्तीला मॅटवर झोपवू नये.