पैठणीची उलट बाजू



पत्रिकेत विषय छापलाय 'छोटा व्यवसाय आणि फोटोतून जाहिरात'. समोर दुकानदार मंडळी बरीच दिसताहेत, तेव्हा मोघम बोलून तुमची संध्याकाळ फुकट घालवत नाही. मी एकाच मालाबद्दल बोलणार आहे, येवल्याच्या पैठणीबद्दल. ज्यांचा धंदा लोणच्याचा किंवा मातीच्या कुंड्यांचा असेल, त्यांनी तिच्या जागी आपला माल ठेवून ऐकावं.

चित्र दाखवून माल खपवणं आपल्याला नवं नाही. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर गेल्या. पुढं व्यापाऱ्यांनी देवादिकांच्या चित्रांखाली पेढीचं नाव छापून कॅलेंडरं वाटली. तो खर्च पेढीवाल्याला झेपायचा, मागावर बसणाऱ्याला नाही. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये इन्स्टाग्राम आलं, २०१८ च्या जानेवारीत व्हॉट्सअॅप बिझनेस आलं, आणि खर्चाचा प्रश्न जवळजवळ मिटला. पण सगळ्यांचाच मिटला! त्यामुळे आता फोटो सगळ्यांचे आहेत आणि सगळे एकसारखे आहेत.

पैठणी विकणारी चार-दोन पानं उघडून बघा. पदर पंख्यासारखा पसरलेला, त्यावर मोर, कोपऱ्यात प्लॅस्टिकचं गुलाबाचं फूल, खाली 'किमतीसाठी मेसेज करा'. हातमागाची साडी अशीच मांडलेली आणि यंत्रमागाची, जिला बाजारात 'सेमी' म्हणतात, तीही अशीच. एक विणायला महिना-महिना जातो, पदर भरगच्च असेल तर त्याहून कितीतरी जास्त. दुसरीला तेवढा वेळ लागत नाही, म्हणून ती स्वस्त पडते. फोटोत मात्र दोघी जुळ्या बहिणी. मग गिऱ्हाईक स्वस्तातली उचलतं आणि आपण म्हणतो, लोकांना कदर नाही. अहो, कदर करायला तुम्ही त्यांना दाखवलंत काय?

दुकानात आलेली जाणती बाई काय करते ते आठवा. पदर हातात घेते आणि पहिल्यांदा उलटा करून बघते. हातमागावर पदरातला एकेक रंग छोट्या छोट्या कांड्यांनी वेगळा भरतात आणि शेजारच्या रंगात गुंतवून तिथूनच माघारी फिरवतात. त्यामुळे मोर उलट्या बाजूनंही मोरच दिसतो. सेमीच्या पाठीमागं बहुतेक वेळा धागे लोंबत तरी असतात, नाहीतर कापलेले तरी असतात. म्हणजे साडी खरी की खोटी याचं उत्तर मागच्या बाजूला आहे आणि आपण जन्मभर पुढच्या बाजूचे फोटो काढत बसलोय. माझं आजचं सांगणं तेवढंच आहे: गिऱ्हाईक दुकानात हातानं जे तपासतं, ते फोटोत आलं पाहिजे. फोटो देखणा असेल तर उत्तमच, पण ती नंतरची गोष्ट.

आता रंग. 'रंग वेगळाच निघाला' ही तक्रार कापडाच्या धंद्यात कोणाला नवी नाही, आणि दर वेळी लबाडी विकणाऱ्याचीच असते असंही नाही. चौकटभर गडद राणी रंग आला की फोन गोंधळतो. त्याला वाटतं उजेडच रंगीत आहे, आणि तो आपल्या अकलेनं रंग फिका करून टाकतो. साडीशेजारी धुतलेल्या पांढऱ्या कापडाची घडी ठेवली तर फोनलाही आधार मिळतो आणि बघणाऱ्यालाही अंदाज येतो. ट्यूबलाइटखाली काढू नका, फ्लॅश तर नकोच, त्यानं साडीतली जर पांढरीफटक दिसते. सकाळी ओसरीवर, ऊन थेट पडत नाही अशा जागी काढा. धूपछाँव साडी असेल, म्हणजे ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, तर एका फोटोत ती कधीच सापडणार नाही. कापड हातात धरून हळूहळू कलतं केल्याचा दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ घ्या, आणि त्याला गाणं लावू नका. रेशमाची सळसळ ऐकू येऊ द्या की!

सुरुवातीला इन्स्टाग्रामची चौकट चौकोनीच होती. आज उभे फोटो चालतात, पण सवय लागली ती लागली. नऊवारी चौकोनात बसवायची म्हणजे पदर तेवढा राहतो आणि बाकी साडी गायब. काठ किती रुंद, अंगावर बुट्टी किती अंतरानं, ब्लाउजपीस आहे का, हे पुढच्या फोटोंत दाखवा. काठाशेजारी हाताची चार बोटं ठेवली की रुंदी कळते, मोजपट्टी लागत नाही. सिल्क मार्कचं लेबल असेल तर तेही जवळून. आणि किंमत लिहा. किंमत लपवणारा दुकानदार गिऱ्हाइकाचं तोंड पाहून आकडा सांगत असणार, असा लोकांचा समज आहे, आणि तो अगदीच चुकीचा आहे असं मला वाटत नाही.

फोटोखाली गावाचं आणि विणणाऱ्याचं नाव हवं. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या. वर्णनात 'चामड्याच्या सँडल' एवढंच होतं. फोटो फिरत फिरत कोल्हापुरात पोचले तेव्हा लोकांनी घाट लगेच ओळखला. कोल्हापुरी चपलांना २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. ओरड झाली आणि कंपनीला प्रेरणा कुठली ते मान्य करावं लागलं. नाव नसलेला फोटो कोणाचाही होऊ शकतो.

नवरीनं तुमची साडी नेसून फोटो पाठवला तर तो टाकण्याआधी तिला विचारा. यावर जास्त बोलायची गरज पडू नये.

शेवटी विणकरांच्या मनातली खरी भीती. ते म्हणतात, नवीन पदराचा फोटो टाकला की चार दिवसांत यंत्रमागावर त्याची नक्कल होते. भीती खोटी नाही. भौगोलिक मानांकन पैठणी या नावाला संरक्षण देतं, तुम्ही रचलेल्या नव्या नक्षीला नाही. नक्षीसाठी २००० सालचा डिझाइन कायदा आहे. त्याखाली नोंद झाली की दहा वर्षं आणि पुढं वाढवून आणखी पाच वर्षं हक्क मिळतो. पण त्याची अट अशी की अर्ज करण्याआधी ती नक्षी कुठंही जाहीर झालेली नसावी. तुम्ही हौसेनं ती इन्स्टाग्रामवर टाकलीत, तर कायद्याच्या नजरेत ती जाहीर झाली, आणि तुमच्याच फोटोमुळे तुमचा अर्ज अडू शकतो. खरोखर नवं काही जमलं असेल तर मागावरचा फोटोसुद्धा अर्ज होईपर्यंत फोनमध्येच ठेवा, घरातल्या पोरांनाही तसं सांगून ठेवा. बांगडी मोर, मुनिया, असावली, नारळी काठ ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, कोणा एकाच्या मालकीची नसलेली नक्षी. तिचे फोटो आज रात्री घरी गेल्या गेल्या टाकलेत तरी हरकत नाही, मात्र ट्यूबलाइटखाली काढलेले नकोत.