साथरोग आणि संघराज्य : अधिकार कोणाचा, कर्तव्य कोणाचे?

(अकलूज येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सराटीला नीरास्नान आटोपून जगद्गुरू तुकोबारायांची पालखी नदी ओलांडते आणि अकलूजच्या वेशीवर सोलापूर जिल्हा तिचे स्वागत करतो. गोल रिंगण होते, अश्व धावतो, आणि साऱ्या माळशिरस तालुक्याला पंढरी जवळ आल्याची जाणीव होते. २०२० साली हा सोहळा झाला नाही. संतांच्या पादुका ३० जून २०२० रोजी एसटीच्या बसमधून, प्रत्येकी मोजक्या वीस जणांसह पंढरपुरास गेल्या. २०२१ सालीही पायी वारी झाली नाही. शतकानुशतकांची परंपरा असलेल्या वारकरी समाजाने हा निर्णय जड अंतःकरणाने, पण शिस्तीने स्वीकारला.

तथापि त्या काळात गावोगावी एक प्रश्न विचारला जात होता. हा निर्णय नेमका कोणाचा? दिल्लीचा, मुंबईचा, की सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांचा? प्रश्न साधा वाटतो. पण संकटाच्या घडीला राष्ट्राचे सामर्थ्य एकवटायचे कसे आणि निर्णय कोणाच्या हाती द्यायचा, हा राज्यशास्त्रातील अत्यंत मूलभूत प्रश्न त्यात दडलेला आहे. साथ ओसरली म्हणून तो संपत नाही. पुढील साथ येण्यापूर्वी त्याचे उत्तर शोधणे हेच शहाणपणाचे आहे.

घटनेने केलेली वाटणी

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात अधिकारांच्या तीन सूची आहेत. सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, रुग्णालये व दवाखाने हा विषय राज्य सूचीत सहाव्या क्रमांकावर आहे. बंदरांवरील विलगीकरण आणि आंतरराज्यीय विलगीकरण हे विषय संघ सूचीत आहेत. एका राज्यातील संसर्गजन्य रोग दुसऱ्या राज्यात पसरू नये यासाठी करावयाचे उपाय समवर्ती सूचीत एकोणतिसाव्या क्रमांकावर आहेत. म्हणजे त्यावर केंद्र व राज्य दोघेही कायदा करू शकतात.

या वाटणीत एक सुसंगत विचार आहे. रोग्याची शुश्रूषा, गावाची स्वच्छता, पिण्याचे पाणी ही कामे जवळच्या शासनाने करावीत. रोग सीमा ओलांडू लागला की मोठ्या शासनाने मध्ये यावे, आणि तो सागर ओलांडून येत असेल तर केंद्राने दारातच त्याला अडवावे. घटनेचा मसुदा मांडताना ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्पष्ट केले होते की, ही घटना काळ व परिस्थिती यांच्या गरजेनुसार एकात्म आणि संघात्मक अशी दोन्ही रूपे धारण करू शकते. साथीच्या काळात या लवचिकतेची खरी कसोटी लागली.

१८९७ चा धडा

महाराष्ट्राला या विषयाचा जितका कटू अनुभव आहे तितका क्वचितच अन्य प्रांताला असेल. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आढळला आणि पाहता पाहता तो पुण्याकडे सरकला. इंग्रज सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग अधिनियम संमत केला. जेमतेम चार कलमांचा हा कायदा. पण त्याने सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. पुण्यात रँडच्या अधिपत्याखालील प्लेग समितीने गोऱ्या सैनिकांना घराघरांत घुसवले. देवघरे विटाळली गेली, सामानाची नासधूस झाली, स्त्रियांच्या प्रतिष्ठेची पर्वा राहिली नाही. या जुलमाची परिणती २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीत झाली. चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या आणि पुढे हसतमुखाने फाशी स्वीकारली.

त्याच वर्षी याच शहरात दुसरे चित्रही दिसत होते. लोकमान्य टिळकांनी सरकारी जुलमावर कठोर टीका केली, आणि त्याच वेळी हिंदू प्लेग रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. रोगाशी लढण्यास समाज तयार होता. त्याला अपमान नको होता. सत्तेपाशी कायद्याचे बळ होते, पण लोकांचा विश्वास नव्हता. विश्वासावाचून केलेली उपाययोजना औषधासारखी नव्हे, शिक्षेसारखी भासते.

खेदाची बाब अशी की, १२३ वर्षांनी कोरोना आला तेव्हा स्वतंत्र भारताच्या हाती हाच कायदा होता. मार्च २०२० च्या मध्यास महाराष्ट्र शासनाने त्याच्या आधारे नियम लागू केले. केंद्राने मात्र २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घेतला. २००४ च्या त्सुनामीनंतर झालेल्या या कायद्यात राष्ट्रीय प्राधिकरणाचे अध्यक्ष पंतप्रधान, राज्य प्राधिकरणाचे मुख्यमंत्री आणि जिल्हा प्राधिकरणाचे जिल्हाधिकारी अशी स्पष्ट उतरंड आहे. २५ मार्च २०२० पासूनची देशव्यापी टाळेबंदी याच कायद्याखाली झाली. वारीच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच सापडते : चौकट केंद्राची, निर्णय राज्याचा आणि अंमलबजावणी जिल्ह्याची.

चौकट आणि वास्तव

देशभर एकाच वेळी टाळेबंदी करण्यात केंद्राचा हेतू स्पष्ट होता. रोग अपरिचित, चाचण्या अपुऱ्या, रुग्णालये अप्रस्तुत. अशा वेळी एका राज्याने दार बंद करावे आणि शेजाऱ्याने उघडे ठेवावे, हे परवडणारे नव्हते. राज्य आपत्ती साहाय्य निधी, ज्यात बहुतेक राज्यांसाठी केंद्राचा वाटा तीन-चतुर्थांश असतो, तो कोरोनासाठी वापरण्याची मुभा केंद्राने मार्च २०२० मध्येच दिली. एकात्म शक्तीचा हा लाभ नाकारता येणार नाही.

पण दूरवरून आखलेल्या चौकटीला जमिनीवरचे सारे दिसत नाही. ऊस पट्ट्यातील माणसाला हे वेगळे सांगावयास नको. गाळप हंगाम सरत आला असताना टाळेबंदी झाली आणि बीड, अहमदनगर यांसारख्या जिल्ह्यांतील लाखाहून अधिक ऊसतोड कामगार आपल्या लेकराबाळांसह आणि बैलजोड्यांसह कारखान्यांच्या तळांवर अडकून पडले. दिल्लीतील कोणत्या आदेशात कोयत्याचा उल्लेख असणार? १७ एप्रिल २०२० रोजी राज्य शासनाने निर्णय घेतला. कामगारांची आरोग्य तपासणी करावी, याद्या कराव्यात आणि कारखान्यांनी त्यांना गावी पोहोचवण्याची व्यवस्था करावी. हा निर्णय राज्यच घेऊ शकत होते, कारण हंगाम केव्हा संपतो आणि माणसे कोठून येतात हे राज्याला ठाऊक होते. परराज्यांतील श्रमिकांसाठी मात्र केंद्रालाच रेल्वे धाडाव्या लागल्या. १ मे २०२० पासून श्रमिक विशेष गाड्या सुटू लागल्या. ज्याच्यापाशी ज्ञान त्याने निर्णय घ्यावा आणि ज्याच्यापाशी साधन त्याने ते पुरवावे, हे सूत्र या दोन उदाहरणांतून स्वच्छ दिसते.

जेथे हे सूत्र सुटले तेथे सामान्य माणसाची फरफट झाली. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्राने राज्यांतर्गत प्रवासावर निर्बंध नकोत असे राज्यांना कळवले. महाराष्ट्रात जिल्हाबंदीचा ई-पास २ सप्टेंबरला रद्द झाला. तोवर इंदापूरहून अकलूजला, म्हणजे नीरेच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर येण्यासही परवाना हवा होता. मंदिरांच्या बाबतीत हा विसंवाद अधिक बोचला. केंद्राने प्रतिबंधित क्षेत्राबाहेरील धर्मस्थळे ८ जून २०२० पासून उघडण्यास अनुमती दिली होती. महाराष्ट्रातील मंदिरांची दारे १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. मद्याची दुकाने मे महिन्यातच सुरू झालेली असताना विठुरायाचे दार बंद का, हा भाविकांचा प्रश्न उद्धटपणाचा नव्हता.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर केंद्राची चौकट शिथिल करण्याचा अधिकार राज्याला नव्हता; ती अधिक कडक करण्याचा होता. म्हणून राज्याचा निर्णय बेकायदा ठरत नाही. परंतु अधिकार असणे वेगळे आणि त्याचे कारण समाजाला पटवून देणे वेगळे. श्रद्धेचा प्रश्न असतो तेथे हे कर्तव्य दुणावते. वारकऱ्यांनी पायी वारीचा त्याग मान्य केला, तो त्यामागील कारण त्यांना पटले म्हणूनच.

प्राणवायू आणि लस

२०२१ च्या दुसऱ्या लाटेने अधिकारांपेक्षा समन्वय किती मोलाचा असतो हे दाखवून दिले. महाराष्ट्रात प्राणवायूची टंचाई भासू लागली तेव्हा १९ एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर घेऊन रेल्वेगाडी विशाखापट्टणमकडे निघाली. तेथील पोलाद कारखान्यातून द्रवरूप प्राणवायू घेऊन ती २३ एप्रिलला नागपूर आणि दुसऱ्या दिवशी नाशिक येथे पोहोचली. आंध्रातील कारखाना, केंद्राची रेल्वे, महाराष्ट्राचे टँकर आणि मराठी रुग्णाचा श्वास! राष्ट्र एक आहे याचा याहून जिवंत पुरावा कोणता? कोणत्याही एका राज्याला हे एकट्याने साधणारे नव्हते.

लसीची कथाही बोधप्रद आहे. पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटची लस साऱ्या देशाला मिळत होती. खरेदीचा अधिकार आपल्यालाही हवा, अशी मागणी महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी केली. १ मे २०२१ पासून केंद्राने तो दिला. उत्पादनाचा अर्धा भाग राज्ये व खासगी रुग्णालये यांच्यासाठी मोकळा केला. परिणाम काय झाला? राज्ये एकमेकांशी स्पर्धा करू लागली. मुंबई महापालिकेने एक कोटी मात्रांसाठी जागतिक निविदा काढली. तिला एकही पात्र पुरवठादार मिळाला नाही. सर्वोच्च न्यायालयानेही या धोरणावर गंभीर प्रश्न उपस्थित केले. अखेर २१ जूनपासून ७५ टक्के लस केंद्राने खरेदी करून राज्यांना विनामूल्य देण्याची व्यवस्था झाली आणि २१ ऑक्टोबर २०२१ रोजी देशाने शंभर कोटी मात्रांचा टप्पा गाठला. धोरण आखण्यात केंद्राचे सात आठवडे गेले आणि मागणी करण्यात राज्यांची घाई झाली, हे दोन्ही निःपक्षपातीपणे नमूद केले पाहिजे. खरेदी एकत्र आणि वितरण विकेंद्रित, हा त्यातून मिळालेला धडा आहे.

विसरलेली तिसरी पायरी

केंद्र आणि राज्य यांच्या वादात तिसऱ्या पायरीचे विस्मरण होते. ७३ व्या घटनादुरुस्तीने आरोग्य व स्वच्छता, प्राथमिक आरोग्य केंद्रे व दवाखाने हे विषय अकराव्या परिशिष्टात पंचायतींकडे सोपवण्यासाठी नोंदवले. ७४ व्या दुरुस्तीने सार्वजनिक आरोग्य नगरपालिकांच्या कक्षेत आणले. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शनावरील व्याख्याने दिली, तेव्हा राष्ट्र एक आणि एकात्म असावे, परंतु सत्ता जनपद व पंचायतींपर्यंत विकेंद्रित व्हावी, हाच विचार मांडला होता. एकात्मता आणि विकेंद्रीकरण परस्परविरोधी नाहीत, हे कोरोनाने सिद्ध केले.

त्याची साक्ष याच जिल्ह्यात आहे. मोहोळ तालुक्यातील घाटणे आणि दक्षिण सोलापुरातील अंत्रोळी या गावांनी दुसऱ्या लाटेत साथ आवरली. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारच्या पोपटराव पवारांसोबत या दोन गावांच्या तरुण सरपंचांचाही गौरव मे २०२१ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी केला. घरोघर चौकशी, लक्षण दिसताच विलगीकरण, गावातील तरुणांची पथके; यात कोणतेही असाधारण यंत्र नव्हते. कोण परगावाहून आला, कोणाला ताप आहे, हे गावालाच आधी कळते. पुण्याच्या दाट वस्त्यांत महापालिकेच्या पथकांसोबत स्वयंसेवक दारोदार तपासणीला गेले, तेव्हा त्यांचेही सर्वांत मोठे भांडवल लोकांचा विश्वास हेच होते. १८९७ साली जे सैनिकांना जमले नाही, ते ओळखीच्या माणसाला जमले.

पुढे काय?

विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सादर केलेल्या २८६ व्या अहवालात १८९७ च्या कायद्यातील उणिवा दाखवून, केंद्र, राज्य आणि स्थानिक संस्था यांच्या जबाबदाऱ्या आधीच निश्चित करण्याची शिफारस केली आहे. पंधराव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष एन. के. सिंग यांनी आरोग्य हा विषय समवर्ती सूचीत आणावा, असे मत मांडले. त्यावर मतभेद असू शकतात. परंतु विषय कोणत्याही सूचीत असला, तरी निर्णयाचे कारण जाहीर करणे, निर्बंधांना मुदत घालणे, निधी थेट खालपर्यंत पोहोचवणे आणि स्थानिक संस्थेचे मत नोंदवून घेणे, या चार गोष्टी कायद्यात असल्याच पाहिजेत. वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात स्थानिक संस्थांमार्फत प्राथमिक आरोग्यासाठी ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली, ती या दिशेने टाकलेले महत्त्वाचे पाऊल होते.

साथ चालू असतानाच, २०२१ साली अकलूज ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली. आरोग्याचे दायित्व त्यामुळे अधिक थेट झाले. शहराची रोगनिरीक्षणाची व्यवस्था कशी आहे, वारीच्या काळात पाण्याची तपासणी कोण करतो, साथ आली तर प्रत्येक प्रभागात कोणत्या दहा घरांतील माणसे प्रथम बाहेर पडतील, या प्रश्नांची उत्तरे शांततेच्या काळातच लिहून ठेवावयाची असतात. केंद्राने बळ द्यावे, राज्याने दिशा द्यावी. पण दारावरची थाप शेजाऱ्याचीच असते. ती थाप ओळखीची असावी, एवढी तयारी प्रत्येक गावाने करावी.