घर विकणें आहे

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण महाराष्ट्रांत लहानथोरांच्या तोंडीं आहे. घर विकून पाहावें, असें मात्र कोणा शहाण्यानें सांगून ठेवलेलें नाहीं. त्याचें कारण उघड आहे. ज्या काळांत ही म्हण रूढ झाली, त्या काळीं घर विकणें ही व्यवहाराची गोष्ट नसून आपत्तीची गोष्ट होती. कर्ज डोईजड झालें किंवा भाऊबंदकी विकोपास गेली म्हणजे वाड्याचा सौदा होई. आणि तोहि शक्य तितका गुपचूप, चार ओळखीच्या माणसांत उरकला जाई. गिऱ्हाईक यावें अशी इच्छा असे. पण आलेलें गिऱ्हाईक शेजाऱ्याच्या दृष्टीस पडूं नये, अशीहि इच्छा असे.

आज पुणें शहरांत घर विकण्यांत कमीपणा राहिलेला नाहीं. तरी तो जुना संकोच विकणाराच्या मनांतून पुरता गेलेला नाहीं. कित्येक चांगलीं घरें पाहणाऱ्यांवांचून महिनोन् महिने पडून राहतात, त्याचें मूळ पुष्कळदां या संकोचांतच सांपडतें.

पुण्यांतील वस्तीची जुनी रीत म्हणजे मालक एक आणि बिऱ्हाडें दहा-बारा. पेठांतील बहुतेक कुटुंबें वाड्यांत भाड्यानें राहत. त्यांच्यापाशीं विकण्याजोगें घर नव्हतेंच. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, पाठोपाठ खडकवासल्याचेंहि फुटलें, आणि मुठेच्या कांठचे असंख्य वाडे जमीनदोस्त झाले. पुढें १९६३ सालीं महाराष्ट्रांत मालकीच्या सदनिकांसंबंधींचा कायदा झाला, आणि इमारतींतील एकेक घर स्वतंत्रपणें विकत घेण्याच्या व्यवहारास चौकट मिळाली. हळूहळू वाड्यांच्या जागीं तीन-चार मजल्यांच्या इमारती उठल्या. १९८० च्या सुमारास ज्यांनीं उमेदीनें त्यांत घरें घेतलीं, ते आज पंचाहत्तरी-ऐंशीच्या आसपास आहेत. मुलें परगांवीं किंवा परदेशीं गेलीं. जिना तेवढाच उंच राहिला, आणि गुडघे मात्र पूर्वींचे राहिले नाहींत.

सदाशिव पेठेंतील तिसऱ्या मजल्यावरचें असें एक घर उदाहरणादाखल डोळ्यांपुढें आणावें. इमारतीला लिफ्ट नाहीं. घरांत दोघेंच, पतिपत्नी. हें घर विकून लिफ्टची सोय असलेलें लहानसें घर घ्यावें, आणि उरलेल्या रकमेवर म्हातारपण निभवावें, एवढाच त्यांचा बेत. उभ्या आयुष्याची शिल्लक म्हणतात ती या चार भिंतींतच आहे. वर्तमानपत्रांत जाहिरात दिली जाते, ‘मध्यवस्तींत प्रशस्त, हवेशीर घर विकणें आहे. किंमत समक्ष.’ पहिल्या आठवड्यांत पांच-सहा माणसें येतात. तीन जिने चढून धापा टाकीत वर पोंचतात, तों दारावर पाटी दिसते, ‘दुपारीं १ ते ४ घंटा वाजवूं नये.’ पुढच्या महिन्यांत दोघे येतात. त्यापुढें कोणीच येत नाहीं. आणि यजमान म्हणूं लागतात कीं, बाजारच पडला आहे.

बाजाराला दोष देण्यापूर्वीं त्या जाहिरातीकडे पुन्हां एकदां पाहावें. तींत घराची स्तुति आहे, पण घराची माहिती नाहीं. क्षेत्रफळ नाहीं, मजला नाहीं, लिफ्ट नसल्याचा उल्लेख नाहीं, किंमत नाहीं. ज्याला तीन जिने चालणार नव्हते तो फुकट चढला आणि रागावून गेला. ज्याला ते सहज चालले असते, त्याला त्या मोघम शब्दांत आपल्या उपयोगाचें कांहीं आढळलें नाहीं, म्हणून तो आलाच नाहीं. मोघम जाहिरातीनें गर्दी वाढते अशी समजूत आहे. तिनें वाढतात ते हेलपाटे.

म्हणून घर विकणारानें प्रथम हें ठरवावें कीं, हें घर उद्यां कोणाच्या उपयोगीं पडणार आहे. तिसऱ्या मजल्यावरचें हें घर वृद्धांस निरुपयोगी, पण तिशींतल्या जोडप्यास तो जिना म्हणजे कांहींच नव्हे. पेठेंतच लहानाचा मोठा झालेला आणि पुन्हां पेठेंत येऊं इच्छिणारा, मुलांच्या शाळेजवळ राहावें असें ज्याला वाटतें तो, हे त्याचे खरे गिऱ्हाईक. २९ सप्टेंबर २०२४ रोजीं मेट्रो भुयारी मार्गानें स्वारगेटपर्यंत सुरू झाली आणि मंडईस स्थानक झालें. हें स्थानक घरापासून पायीं किती मिनिटांवर आहे, हें जाहिरातींत लिहिणें ‘प्रशस्त, हवेशीर’ या दोन शब्दांपेक्षां शतपटीनें अधिक उपयोगी आहे. चटईक्षेत्र चौरस फुटांत स्पष्ट सांगावें. कारण भिंती, जिने आणि सज्जे मिळवून फुगविलेल्या आंकड्यांनीं पुणेकर पुरेसे पोळलेले आहेत. पाण्याची वेळ, वाहन ठेवण्याची जागा, सोसायटीचें मासिक देणें, आणि ‘लिफ्ट नाहीं’ हे दोन शब्दहि त्यांत असावेत.

किंमत ठरवितांना मालकाचें मन डळमळतें. घराच्या मोलांत तो नकळत स्वतःच्या आठवणींची भर घालतो, आणि त्या आठवणींचे पैसे परक्यानें द्यावेत अशी अपेक्षा करतो. शेजारचें घर अमुक रकमेस गेलें ही कट्ट्यावरची वार्ता प्रमाण मानूं नये. राज्याचा नोंदणी व मुद्रांक विभाग बाजारमूल्याचे वार्षिक तक्ते प्रसिद्ध करतो. ते मुद्रांक शुल्कासाठीं असतात आणि प्रत्यक्ष सौदा त्यांहून कमी-अधिक होतो, हें खरें. परंतु याच विभागाच्या संकेतस्थळावर पूर्वीं नोंदलेल्या दस्तांचा शोध घेतां येतो, आणि आपल्याच गल्लींतील घर काय किंमतीस नोंदलें गेलें तें घरबसल्या कळतें. त्या आधारें किंमत ठरवून ती जाहीर सांगावी. नव्या जाहिरातीकडे लोक पहिल्या कांहीं आठवड्यांतच उत्सुकतेनें पाहतात. त्या काळांत किंमत अवास्तव दिसली तर तीं माणसें दुरावतात. आणि सहा महिन्यांनीं ती उतरविली म्हणजे, ‘इतके दिवस पडून आहे, तेव्हां घरांत कांहीं खोट असली पाहिजे’, असा तर्क लोक करूं लागतात.

खोट असेल तर काय करावें, हा प्रश्न सर्वांत नाजूक. पुण्यांत तो ओल आणि पूर यांसंबंधीं हटकून उपस्थित होतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं आंबिल ओढ्यास आलेला लोंढा आणि २५ जुलै २०२४ रोजीं सिंहगड रस्त्यावरील एकतानगरींत शिरलेलें मुठेचें पाणी पुणेकर विसरलेले नाहींत. अशा भागांतील घर विकतांना ‘पाणी कधीं आलें नाहीं’ असें दडपून सांगण्याचा मोह होतो. पण शेजारचा दुकानदार खरें तें सांगतोच, आणि एका असत्यामुळें मालकाच्या दहा सत्यांवरचाहि विश्वास उडतो. पाणी कोठपर्यंत आलें होतें आणि त्यानंतर काय बंदोबस्त केला, हें मालकानें आपण होऊन सांगितलें, तर ऐकणारा निदान विचार तरी करतो.

हा केवळ नीतीचा उपदेश नव्हे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५५ व्या कलमांत विकणारावर हें बंधनच घातलेलें आहे. मालमत्तेंत किंवा तिच्या मालकीहक्कांत जो महत्त्वाचा दोष विकणारास ठाऊक आहे, पण घेणारास ठाऊक नाहीं आणि साधारण दक्षतेनें कळण्यासारखाहि नाहीं, तो त्यानें उघड केला पाहिजे. स्कॉटलंड देशानें याच्याहि पुढें पाऊल टाकलें. तेथें १ डिसेंबर २००८ पासून, जुनें घर विक्रीस काढण्यापूर्वींच तज्ज्ञाकडून तपासणी करवून तिचा अहवाल तयार ठेवण्याचें बंधन सामान्यतः विकणारावर आहे. घर पाहूं इच्छिणारा तो आधीं वाचतो आणि मग येतो. येथें तसा कायदा नाहीं. पण एका कागदावर घराचे गुणदोष प्रामाणिकपणें लिहून विचारणाऱ्यास आधींच पाठविण्यास कोणाची आडकाठी नाहीं.

आतां घराची सिद्धता. नवे ओटे आणि नव्या फरशा यांवर हजारों रुपये ओतण्याची गरज नसते. कारण घेणारा बहुधा आपल्या आवडीप्रमाणें तें सर्व बदलतोच. पण गळका नळ, जिन्यांतला बंद दिवा, करकरणारें दार, माळ्यावरून डोकावणाऱ्या जुन्या ट्रंका, या गोष्टी बिनखर्चानें किंवा अल्प खर्चानें सुधारतात. ओल असेल तर तिचें मूळ शोधून दुरुस्ती करावी. वरून रंग फांसला तर पहिल्याच पावसांत तो पोल फोडतो. निम्मीं कपाटें हलविलीं कीं खोली दीडपट दिसते. पडदे बाजूस सारून सकाळच्या उजेडांत छायाचित्रें घ्यावींत, आणि त्यांत जिना व वाहनतळहि दाखवावा.

कागदपत्रें एका जाड पाकिटांत तयार असावींत. खरेदीखत, सूची क्रमांक दोनचा उतारा, सोसायटीचें भागपत्र, भोगवटापत्र, मिळकतकराची अलीकडील पावती, आणि कर्ज फिटलें असल्यास बँकेचा तसा दाखला. घर आवडलेलें माणूस कागदांसाठीं महिनाभर ताटकळलें म्हणजे त्याची आवड थंड होते. दलालाची मदत घेण्यास हरकत नाहीं. परंतु तेंच घर पांच दलालांनीं पांच किंमतींस जाहीर केलें म्हणजे मालक अडला आहे असें दिसतें. एक-दोन भरवशाचे मध्यस्थ पुरेत. आणि घर न पाहतांच आगाऊ रक्कम पाठवितों म्हणून दूरध्वनीवरून खात्याचा तपशील मागणाऱ्या अनोळखी माणसापासून वृद्धांनीं विशेष जपावें.

वेळेचा विचार तितकाच अगत्याचा. पितृपक्षांत बहुतेक कुटुंबें घर पाहण्याचें टाळतात. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत पेठेंत वाहन शिरणेंच कठीण. दसरा, पाडवा आणि अक्षय्यतृतीया यांच्या लगतच्या आधींचे दिवस मात्र चांगले, कारण मुहूर्तावर सौदा करावा अशी पुष्कळांची इच्छा असते. हिंजवडीस नोकरी करणारा तरुण आठवड्याच्या दिवशीं रात्रीं आठांपूर्वीं येऊं शकत नाहीं. त्याला रविवारच हवा. अमेरिकेंत रविवारीं ठराविक तास घर सर्वांस खुलें ठेवून बाहेर पाटी लावण्याची चाल आहे. पुण्यांतहि रविवारीं सकाळीं दहा ते बारा हा वेळ राखून अर्ध्या-अर्ध्या तासानें एकेका कुटुंबास बोलवावें. जातांना आणि येतांना जिन्यांत दोन कुटुंबांची गांठ पडली, तर घराला मागणी आहे हें न सांगतां कळतें.

आलेल्यांशीं कसें वागावें? त्यांस पाणी द्यावें, घर एकदां दाखवावें, आणि मग त्यांना मोकळें सोडावें. येथें यजमानांचा फार मोठा इंद्रियनिग्रह लागतो. खिडकीचें लांकूड कोठून आणलें, येथें कोणाचें बारसें झालें, हें सर्व सांगण्याची ऊर्मि येते. पण पाहणारा त्या वेळीं स्वतःचें कपाट कोठें बसेल याचें मनांत माप घेत असतो. त्याच्या हिशेबांत दुसऱ्याच्या बारशाला जागा नसते. त्याच्या पत्नीला स्वयंपाकघरांत दोन मिनिटें एकटें उभें राहूं द्यावें. मात्र ‘आपण हें घर कां विकतां?’ असें विचारलें गेलें, म्हणजे टाळाटाळ करूं नये. ‘जिना चढवत नाहीं’ हें साधें उत्तर जितका विश्वास निर्माण करतें, तितका कोणतीहि जाहिरात करीत नाहीं.

सदाशिव पेठेंतील त्या घराची जाहिरात आतां नव्यानें लिहिली जाते. मजला, क्षेत्रफळ, किंमत, लिफ्ट नसणें, मंडईपर्यंतचें अंतर, सारें तींत येतें. दारावरची पाटी निघते. पूर्वींपेक्षां विचारणा अधिक होते कीं काय हें घराघरांवर अवलंबून. पण जो तीन जिने चढून येतो तो जिना ठाऊक असून आलेला असतो, आणि असे चार येणें हें न जाणतां आलेल्या चाळिसांहून मोलाचें.

एक काम तेवढें कठीण जातें. स्वयंपाकघराच्या चौकटीवर मुलांची उंची मोजून ओढलेल्या पेन्सिलीच्या रेघा असतात, आणि प्रत्येकीपाशीं बारीक अक्षरांत साल लिहिलेलें असतें. रंगारी तेथवर आला म्हणजे विचारतो, ‘यावर हात फिरवूं ना?’ आजोबा आजींकडे पाहतात. आजी आधीं एका कागदावर त्या रेघा आणि तीं सालें उतरवून घेतात, कागद घडी घालून पिशवींत ठेवतात, आणि मग म्हणतात, ‘फिरवा. पुढच्यांच्या मुलांना जागा नको का?’