पोरांना माणसं मोजायला शिकवा

(बालवाडीच्या बाया आणि पाड्यांवरचे कार्यकर्ते यांच्या शिबिरात झालेलं भाषण)



आपल्या भोवतालची माणसं बदलतायत, हे लहान पोरांना कसं सांगायचं, एवढंच मी बोलणार आहे.

बदल दोन तऱ्हांनी होतो. भात झोडून झालं, दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली घरं भिवंडी-वसईकडं वीटभट्टीवर जातात. पाड्यावर म्हातारी माणसं उरतात. पावसाच्या तोंडाला सगळे परत येतात. दुसरीकडे तारापूरला कारखाने आले, बोईसर वाढलं. रस्त्याकडेला चाळी झाल्या. हिंदी बोलणारे आले, घाटावरचे आले.

आमच्या बालवाडीतली एक पोर भट्टीवरून परत आली. चिंचेखालची तिची खेळायची जागा कुंपणाच्या आत गेली होती. ती मला विचारते, "बाई, आम्ही गेलो म्हणून जागा गेली का?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. रात्रभर तेच डोक्यात होतं.

तेव्हापासून आम्ही चिंचोक्यांचा खेळ घेतो. खर्च काही नाही. जमिनीवर कोळशानं गोल काढायचा, तो आपला पाडा. घरात जेवढी माणसं तेवढे चिंचोके पोरानं आत ठेवायचे. भट्टीवर गेलेल्यांसाठी बाजूला दुसरा गोल. चिंचोके तिकडे सरकवायचे, पण दोन्ही गोल जोडणारी रेघ पुसायची नाही. पोरं आपणहून सांगतात, "बापा तिथं गेलाय, पण तो इथलाच." हाच धडा.

नव्या माणसांसाठी खडे ठेवतो. चाळीतली दोन पोरं आमच्याकडे येतात. पाण्याला, भाकरीला, झाडाला ती काय म्हणतात, आपण काय म्हणतो, हे पोरं एकमेकांना शिकवतात. आपली बोली ऐकून कुणी हसलं तर आपल्या पोरानं मान खाली घालायची नाही, आणि त्यांच्या बोलीला आपणही हसायचं नाही. चाळीतला मजूर पोटासाठी आलाय, आपण भट्टीवर जातो तसाच. कुंपण घालणारा वेगळा. हा फरक आत्ताच सांगा, नाहीतर पोर सगळ्याच परक्यांना भिईल, किंवा सगळ्यांपुढे वाकेल.

कोसबाडला अनुताई वाघांनी गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. पोर शाळेत येत नाही, तर शाळा पोराकडे गेली. आपणही भट्टीवर जाणाऱ्या पोराच्या हातात चिंचोके द्यावेत. तिथं ते मोजत बसेल.

मोजणं हा खेळ वाटतो, पण त्यात आपलं बरंच अडकलंय. 1981 ची शिरगणती फेब्रुवारीत झाली. 1991 चीही फेब्रुवारीतच झाली. म्हणजे पाडा रिकामा असतानाच. घराला कुलूप दिसलं की "इथं कुणी राहत नाही" असं म्हणायला वेळ लागत नाही. म्हणून म्हातारीलाही सगळी नावं पाठ हवीत, पोरालाही.

आणि मोठ्यांनो, त्या पोरीचं उत्तर आपण द्यायचंय. आदिवासीची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही, असा कायदा आहे. भट्टीवर गेलं म्हणून हक्क जात नाही. त्या कुंपणाचा सातबारा आम्ही काढायला टाकलाय.

नव्या माणसांशी मिळून राहायचं. पण मिळून राहणं म्हणजे जागा सोडणं नव्हे. पोरांना दोन्ही शिकवा.

जिंदाबाद!