घाटाखाली कोण बसणार?



"ऑप्टोमेट्री म्हणजे चष्म्याचा नंबर काढणंच ना?" हा प्रश्न तुम्ही ऑप्टोमेट्रीचे नवे पदवीधर चार वर्षं ऐकत आलात. एसटीत ऐकलात, लग्नाच्या मांडवात ऐकलात. उत्तर देताना लाजू नका. हो, नंबरच काढतो म्हणावं. पण तो नंबर कुठे कुठे लागतो, तेही सांगावं.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी डोळ्याची लांबी आणि बुबुळाची वक्रता मोजून लेन्स किती शक्तीची बसवायची, याचं माप बहुधा तुमच्यापैकीच कुणी घेतं. ते चुकलं, तर सर्जनचा हात कितीही सफाईदार असो, आजोबांच्या नाकावर पुन्हा जाड चष्मा येतो. मधुमेही रुग्णाच्या पडद्याचा फोटो घेणं, तिरळ्या डोळ्याच्या पोराला पट्टी बांधून व्यायाम शिकवणं, उरलेल्या थोड्याशा नजरेवर एखाद्या मुलीला भिंगातून पुस्तक वाचायला लावणं, ही कामंही तुमचीच.

तुमच्याच पेशातले ब्रायन होल्डन हे ऑस्ट्रेलियातले संशोधक. मऊ कॉन्टॅक्ट लेन्समधून डोळ्याला अधिक प्राणवायू मिळावा यासाठी त्यांनी हयात घालवली आणि हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेशी मैत्री जोडली. २०१५ मध्ये ते गेले. पुढच्या वर्षी छापून आलेल्या त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या शोधनिबंधात अंदाज होता, की २०५० पर्यंत जगातल्या निम्म्या लोकांना लांबचं दिसण्यासाठी चष्मा लागेल. म्हणजे काम संपण्याची चिंता नको!

पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो आसामातला प्रयोग. चहाच्या मळ्यांत पानं खुडणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या मजुरांपैकी निम्म्यांना जवळचं दिसण्याचा साधा चष्मा लगेच दिला, उरलेल्यांना प्रयोग संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची तोडणी दुसऱ्या गटापेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. २०१८ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये हे प्रसिद्ध झालं. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही, फक्त दोन भिंगं.

आता आपला बुलढाणा जिल्हा बघा. खामगावात चांदीवर नक्षी कोरणारा कारागीर, चिखलीत शिलाई मशीनवर बसलेली बाई, कीटकनाशकाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचू पाहणारा कपाशीचा शेतकरी. यांच्यापैकी कितीजण "वय झालं" म्हणून काम सोडून देतात! मलकापूर–नांदुरा–खामगाव महामार्गावर रात्री ट्रक हाकणाऱ्यांची नजर कोण तपासतं?

मोठ्या शहरातल्या शोरूमची नोकरी मी कमी लेखत नाही. घरचं कर्ज फेडायचं असतं, हे मला कळतं. पण तिथे तुम्ही गेला नाहीत, तर दुसरं कुणीतरी जाईलच. घाटाखाली, सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूरला तुम्ही बसला नाहीत, तर ती खुर्ची बहुधा रिकामीच राहील.

२०२१ च्या केंद्रीय कायद्याने तुमच्या पेशाला आरोग्य व्यवसायाचा दर्जा दिला आहे. दर्जा आला की जबाबदारीही आली. समोरच्याला चष्म्याने दिसणार नाही, काचबिंदूची शंका आहे, असं वाटलं तर फ्रेम विकायचा मोह सोडा आणि त्याच दिवशी चिठ्ठी देऊन नेत्रतज्ज्ञाकडे धाडा. ज्याला हे जमलं नाही, तो फक्त दुकानदार.

तेव्हा पुण्याला जा, चेन्नईला जा, सिडनीला जा. पण त्याआधी दोन वर्षं घाटावर नाहीतर घाटाखाली, आपल्याच एखाद्या तालुक्यात बसा. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. पहिल्याच आठवड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटा, आणि तपासणी शेवटच्या बाकापासून सुरू करा.