रोपाची पहिली दोन वर्षे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. मराठी सातवीपर्यंत शिकले आणि पुढे घरसंसारात रमले. तरी आज चार शब्द बोलायला उभी राहिले, याचे कारण शेवटी सांगते.

आमच्या घरच्यांची नोकरी लष्करी खात्यात, कारकुनीची. त्यांच्या बदलीमुळे २०१० ते २०१३ अशी तीन वर्षे आम्ही कुमाऊँत राणीखेतला काढली. गाव सुमारे १८०० मीटर उंचीवर, आणि आसपासच्या डोंगरांवर चीडाची झाडे. चीड म्हणजे पाइनचाच एक प्रकार. पाने सुईसारखी, तीन-तीनच्या जुडीने येणारी. वाळून खाली पडलेल्या सुयांना तिकडे पिरूल म्हणतात. जुलै-ऑगस्टात पाऊस भरपूर. पण एप्रिल-मे महिन्यांत डोंगर इतके कोरडे होतात की पिरूलाला वणवे लागतात. अशा जागी वीतभर रोप तग धरते कसे, याचे मला फार नवल वाटे.

हौसेने मी उतारावरून चार रोपे उपटून आणली. माती जड लागली म्हणून झटकून टाकली. घरामागे लावली, रोज पाणी घातले. पंधरा दिवसांत सुया तांबूस पडल्या आणि चारही रोपे गेली. शेजारच्या एक दीदी रोपवाटिकेत कामाला जात. त्यांनी माझी चूक मला समजावून दिली.

पाणी पितात ती जाड मुळे नव्हेत, तर केसासारखी बारीक टोके. उन्हावाऱ्यात ती काही मिनिटांतच सुकतात. रोप उपटले की ही टोके तुटतात, पण पानांतून पाणी उडतच असते. चीडाची सुई अरुंद, वरून मेणासारखा लेप, आणि श्वासाची छिद्रे खोलगट. पाणी कमी पडले की रोप ही छिद्रे मिटून घेते. त्याने पाणी वाचते खरे. पण त्याच दारातून आत येणाऱ्या हवेवर त्याचे अन्न शिजते. दार फार दिवस बंद राहिले तर रोप उपाशी मरते. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत नवी मुळे फुटून ओल्या मातीपर्यंत पोचली, तरच ते वाचते.

आणखी एक गंमत सांगते. चीडाच्या मुळांना एक बुरशी बिलगलेली असते. तिचे तंतू दूरवर पसरून मुळांना पाणी आणि क्षार आणून देतात. म्हणूनच रोपवाटिकेत जुन्या चीडाखालची माती मिसळतात. मी माती झटकली तेव्हा रोपाचा हा सोबतीही झटकून टाकला होता! शिवाय रोपे बाहेर लावण्यापूर्वी त्यांचे पाणी हळूहळू कमी करतात आणि त्यांना उन्हाची सवय लावतात. लाडावलेले रोप डोंगरावर टिकत नाही.

आता कारण सांगते. गेल्या वर्षी आपण मंडळाच्या आवारात १२ कडुनिंब लावले. पाहुणे दहाला यायचे होते, ते आले साडेबाराला. तोवर पिशव्या फाडून रोपे उन्हात मांडून ठेवली होती. मला दिसत होते, कळतही होते. पण एवढ्या शिकलेल्या मंडळींत सातवी झालेल्या बाईने मध्ये कसे बोलावे, म्हणून मी गप्प राहिले. नंतर आठ दिवस सर्वांनी तांब्याने पाणी घातले, पुढे सर्वच विसरलो. वैशाखापर्यंत ५ झाडे उरली. त्या सातांचा दोष मी माझ्याकडे घेते.

यंदा मात्र बोलते. लावण्याच्या आदल्या संध्याकाळी पिशवीला पाणी द्यावे. पिशवी खड्ड्याशीच फाडावी, मातीचा गोळा फुटू देऊ नये. तळाशी गुंडाळलेली मुळे तेवढी कापावी. माती पायाने दाबावी, म्हणजे आत पोकळी राहत नाही. बुंध्याशी पालापाचोळा पसरावा. मुळे धरली की रोज तांब्याभर पाणी घालू नये. चार-पाच दिवसांनी बादलीभर घालावे. ओल खोल गेली की मुळेही तिच्यामागे खोल जातात. असे दोन उन्हाळे निभावले की कडुनिंब पुढे आपले आपण पाहतो.

रिकाम्या खड्ड्यांसाठी सात भगिनींनी पुढे यावे. एक खड्डा मी घेतलाच आहे, सहा उरले. आणि पाहुण्यांना उशीर झाला, तर त्यांना चहा द्या, पण पिशवी फाडू नका!